केस पेपरवर नुसतं 'हात दुखतो' लिहिलं तर काय बिघडतं? जतच्या मावशीची आणि एका कोडची गोष्ट

"बघ की गं, काय लिवलंय ह्यात."

मावशीने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवले. मावशी जत तालुक्यातली. स्वतःची जमीन थोडी, त्यामुळे सीझनला दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत मजुरीने जाते. एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरची फळ छाटणी, पुढे मण्यांची विरळणी. वर्षातले कितीतरी दिवस उजव्या हातात कात्री. दोन वर्षांपासून तिची सकाळी मूठ वळत नाही. भाकरी थापायला हात टेकवला की बोटांच्या मुळाशी कळ येते.

पिशवीत नऊ कागद होते. सात कागदांवर एकच शब्द, 'जॉइंट पेन'. एकावर 'आर्थ्रायटिस' आणि पुढे प्रश्नचिन्ह. एकावर नुसत्या गोळ्यांची नावं. कोणता हात, कोणतं बोट, कधीपासून, सूज आहे की नाही, यातलं काहीच नाही.

आता दुसरं चित्र बघा. याच भागातून बीएस्सी, बीफार्म करून पुण्याला गेलेली बरीच मुलं-मुली 'मेडिकल कोडिंग'मध्ये नोकरी करतात. काम काय, तर अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेली पेशंटची नोंद वाचायची आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा. तिथल्या एखाद्या आजीचा उजवा हात झिजेच्या संधिवाताने दुखत असेल तर कोड एम १९.०४१. डावा असेल तर एम १९.०४२. कोणता हात ते डॉक्टरांनी लिहिलंच नसेल तर एम १९.०४९, आणि मग विमा कंपनी बिल परत पाठवण्याची शक्यता. म्हणजे परदेशातल्या आजीचा उजवा हात की डावा, याची पुण्यात बसून काटेकोर नोंद होते. मावशीच्या नऊ कागदांत मात्र हात कोणता तेच सापडत नाही.

ही तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. अमेरिकेत कोड लिहिल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, म्हणून तो लिहिला जातो. आपल्याकडे ओपीडीत कोडची कुणाला गरजच पडत नाही. पण या न लिहिण्याचा फटका मावशीला कुठे कुठे बसला ते बघितलं, की हा कारकुनी विषय राहत नाही.

कोड म्हणजे नेमकं काय?

जागतिक आरोग्य संघटना आजारांची एक यादी चालवते. नाव आयसीडी. सुरुवात १८९३ ची, तेव्हा ती फक्त मृत्यूच्या कारणांची यादी होती. माणूस कशाने मेला हे प्रत्येक देश वेगवेगळ्या शब्दांत लिहायचा, त्याची बेरीज करता येईना, म्हणून ती आली. जिवंत माणसांचे आजार त्यात १९४८ पासून आले. आज बहुतेक ठिकाणी वापरात असलेली दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून अधिकृतपणे लागू झाली.

दहाव्या आवृत्तीत हाडं-सांधे-स्नायूंचं प्रकरण 'एम' अक्षराने सुरू होतं. हाताच्या सांध्यांपुरतं बोलायचं तर एम १८ म्हणजे अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज. कात्री, विळा, खुरपं चालवणाऱ्यांनी हा कोड लक्षात ठेवावा, तिथला त्रास चिमटीत काही धरलं की जाणवतो. बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवर टणक गाठी आल्या तर एम १५.१, मधल्या सांध्यांवर आल्या तर एम १५.२. एम ०५ म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात, रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलेला. तीच लक्षणं पण रक्ततपासणी निगेटिव्ह, तर एम ०६.०. युरिक अ‍ॅसिडचा गाऊट एम १० मध्ये. सोरायसिसमुळे होणाऱ्या संधिवाताचा मुख्य कोड मात्र सांध्यांच्या प्रकरणात नाही, तो त्वचेच्या प्रकरणात, एल ४०.५. म्हणजे बोटं सुजली असतील तर डॉक्टरांनी नखं आणि कोपरावरची कातडीही बघायला हवी, हे यादीच सुचवते.

आणि एम २५.५ म्हणजे नुसतं 'सांधा दुखतो'. मावशीच्या सात कागदांचा कोड हा.

एका शब्दात चार आजार

आपल्या भाषेत यातल्या जवळजवळ सगळ्याला एकच शब्द आहे, संधिवात. जतच्या पूर्व भागात, उमदी-संखकडे, घरात कन्नड बोलतात. तिथे 'कै नोवु' म्हणजे हात दुखणं. पण आजाराचं नाव विचारलं तर तिथेही उत्तर 'संधिवात'च. सीमेच्या दोन्ही बाजूंना हा शब्द सारखाच चालतो आणि दोन्हीकडे सारखाच घोळ घालतो.

घोळ असा की यातले दोन मुख्य आजार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. झिजेच्या संधिवातात कूर्चा झिजते. सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात जातो, दिवसभर काम केलं की दुखणं वाढतं. त्रास बोटांच्या टोकाकडच्या आणि मधल्या सांध्यांत, नाहीतर अंगठ्याच्या मुळाशी. आमवातात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर चाल करून जाते. सकाळी तासभर, कधी त्याहून जास्त, हात उघडत नाही. दोन्ही हातांना त्रास होतो, बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे मऊ सुजतात, टोकाचे सहसा सुटतात. झिजेच्या त्रासात दोन महिने उशीर झाला तर बहुधा फार बिघडत नाही. आमवातात मात्र पहिले काही महिने सगळ्यात मोलाचे. तेव्हा योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाचवता येतात. वेदनाशामक गोळ्यांवर तो काळ गेला तर हाड खरवडलं जातं, आणि ते नंतर भरून येत नाही.

तिसरा गडी चिकनगुनिया. या तापाचं आणि महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली होती. त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ हा आजार देशात जवळपास दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला. २००६ या एका वर्षात देशात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप आठवड्यात जातो, पण काहींची बोटं-मनगटं महिनोन्महिने सुजलेली राहतात, आणि तो प्रकार हुबेहूब आमवातासारखा दिसतो. फरक करायला सगळ्यात उपयोगी पडते एक तारीख, ताप आला त्या दिवसाची.

मावशीला मिरजेला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "हात दुखायच्या आधी ताप आला होता का?" आला होता, मावशी म्हणाली. कधी? तिला आठवेना. द्राक्ष उतरायच्या आधी की नंतर, यावर तिचं आणि काकांचं तिथेच वाजलं. तापाचा कागदही पिशवीत होता, पण त्यावर तारखेच्या जागी घडीची रेघ पडून शाई पुसलेली.

प्रश्नचिन्ह लिहिणं चूक नाही

इथे डॉक्टरांची बाजू सांगायला हवी. पहिल्याच भेटीत 'आमवात' असं ठोकून लिहिणं धोक्याचं असतं. रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आमवात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांतही पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि खरा आमवात असलेल्या काहींमध्ये निगेटिव्हच राहतो. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त नेमकी, पण ती महागही. सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो. ओपीडीबाहेर रांग आहे, एका पेशंटला काही मिनिटं. अशा वेळी 'जॉइंट पेन' लिहिणं प्रामाणिकपणाचं आहे. अमेरिकेतल्या कोडिंगचा नियमही हेच सांगतो: ओपीडीच्या नोंदीत 'शक्यता' किंवा 'संशय' असं लिहिलं असेल तर त्या आजाराचा कोड लावायचा नाही, लक्षणाचा लावायचा.

माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या दिवशीचा 'जॉइंट पेन' प्रामाणिक असतो, चौदाव्या महिन्यातला नसतो. कारण पुढचा डॉक्टर मागचा कागद बघतो, तेच पुढे उतरवतो, गोळी बदलतो. नऊ कागद होतात आणि प्रत्येक भेट पहिलीच भेट राहते. कोणते सांधे सुजले होते एवढं जरी पहिल्या कागदावर असतं, तर सूज पसरतेय की उतरतेय हे चौथ्या कागदावर कळलं असतं.

जतमध्ये कागदच पेशंटबरोबर फिरतो

क्षेत्रफळाने जत हा सांगली जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी इथल्या ४० गावांवर दावा सांगितला, तेव्हा तो राज्यभर बातम्यांत आला. त्याआधी आणि नंतरही त्याची ओळख दुष्काळ, म्हैसाळचं पाणी आणि माडग्याळ मेंढी एवढीच. जतहून सांगली-मिरज ऐंशी-नव्वद किलोमीटर. पूर्वेकडच्या गावांना विजयपूर जवळ पडतं, काहींना अथणी. त्यामुळे एकच पेशंट गावातल्या बीएएमएस डॉक्टरकडे, जतच्या ग्रामीण रुग्णालयात, कधी कर्नाटकात आणि शेवटी मिरजेत अशा चार ठिकाणी दाखवून येतो. ऊसतोडीला जाणारे तर सहा महिने भलत्याच जिल्ह्यात असतात. या सगळ्या प्रवासात पेशंटबरोबर जाते ती फक्त कागदांची पिशवी. एका डॉक्टरची चिठ्ठी मराठीत, दुसऱ्याची इंग्रजीत, मेडिकलवाल्याने पाकिटावर डोस कन्नडमध्ये लिहून दिलेला.

यावर सरकारी उत्तर आहे. २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन आणि त्याचा १४ अंकी आभा नंबर. कल्पना अशी की तुमचे रिपोर्ट या नंबराला जोडले जातील आणि तुम्ही परवानगी दिली तर पुढचा डॉक्टर ते बघेल. त्यासाठी लागणाऱ्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच आहे, सी-डॅकमध्ये. आजारांची नावं संगणकाला कळतील अशा शब्दसंग्रहात कशी लिहायची हे तिथून ठरतं. सगळं चांगलंच आहे. पण नंबर जोडला तरी मूळ नोंदीत 'जॉइंट पेन' असेल, तर मिरजेच्या स्क्रीनवरही 'जॉइंट पेन'च दिसणार.

आयुर्वेदाचे शब्द उलट जास्त नेमके

ही गोष्ट मला हे लिहिताना कळली. आपण सरसकट संधिवात म्हणतो, पण आयुर्वेदात तीन वेगळे शब्द आहेत. झिजेशी जुळणारा संधिगत वात, ऱ्हुमॅटॉइडशी बराच जुळणारा आमवात आणि गाऊटच्या जवळ जाणारा वातरक्त. शंभर टक्के जुळणी नाही, पण भेद आहे. १० जानेवारी २०२४ ला दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आवृत्तीला जोडून आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या आजारांच्या कोडची पुरवणी प्रसिद्ध झाली. म्हणजे जतमधल्या बीएएमएस डॉक्टरने नेमकं निदान लिहिलं तर त्यालाही आंतरराष्ट्रीय यादीत जागा आहे. जत तालुक्यात हात दुखला की बहुतेक लोक आधी याच डॉक्टरांकडे जातात, त्यामुळे या पुरवणीचा उपयोग मोठ्या शहरांपेक्षा इथे जास्त व्हायला हवा.

पैशाचं काय?

हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावर विम्याचा क्लेम टाकला, की हॉस्पिटलने भरायच्या अर्जात आयसीडी-१० कोडची चौकट असते. तिथे पहिल्यांदा हा आकडा आपल्या खिशाला भिडतो. २०२० मध्ये विमा नियामकाच्या सांगण्यावरून सगळ्या कंपन्यांनी आणलेली 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी उदाहरण म्हणून घ्या. तिच्या मूळ मसुद्यात 'गाऊट आणि ऱ्हुमॅटिझम'साठी २४ महिन्यांची वाट होती आणि 'वयोमानानुसार होणाऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिस'साठी ४८ महिन्यांची. २०२४ मध्ये नियामकाने अशा प्रतीक्षेची कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आणली. पण शब्द बघा. चाळिशीतल्या बाईचं मनगट पडून मोडलं आणि त्यातून पुढे अंगठ्याच्या सांध्याची झीज झाली, तर ती वयाची झीज नाही. आयसीडीत दुखापतीनंतरच्या झिजेला वेगळा कोड आहे. कागदावर मात्र मोघम 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' लिहिलं असेल, तर वाद कंपनीशी पेशंटनेच घालायचा.

सरकारी बाजूला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं ५ लाखांचं कवच आहे, पण त्याचा भर भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर. आमवाताचा खर्च दर महिन्याच्या गोळ्यांचा आणि तपासण्यांचा, तो बहुतांशी ओपीडीतला. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरसकट उपचार मोफत झाले, त्याचा मावशीसारख्यांना खरा आधार आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राचं वेगळंच. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत 'संधिवात' असं नाव नाही. पण हाताची हालचाल कायमची गेली असेल तर अस्थिव्यंग या प्रकारात मोजणी होते, आणि बऱ्याच योजनांना किमान ४० टक्के लागतात. हात कसा मोजतात? पकड, संवेदना आणि ताकद बघून. किल्ली चिमटीत धरता येते का, पिशवी बोटांत अडकवून उचलता येते का, हे खरोखर करून बघतात. मोजणी त्या दिवसाची असते, पण त्रास कधीपासून आहे आणि उपचार करूनही हात कायमचा अधू झाला का, हे जुन्या कागदांतूनच दिसतं. मावशी कुणाला सांगताना 'भाकरी थापता येत नाही' असं सांगते. ते वाक्य एकाही कागदावर नाही, खरं तर नऊ कागदांपेक्षा तेच जास्त सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासून आणखी एक यादी आहे, आजाराने माणसाला काय करता येत नाही याची. त्यात हाताने बारीक काम करण्याला डी ४४० असा कोड आहे. आपल्याकडच्या ओपीडीत तो मी तरी कुठे पाहिला नाही.

भिगवणने काय केलं होतं

आपल्या राज्यात हा हिशेब एकदा नीट मांडला गेला होता. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमने इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमाचा तो भाग होता. ४,०९२ प्रौढांना विचारलं. १८.२ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचा काही ना काही त्रास होता. मग त्या प्रत्येक दुखण्याची फोड केली. झिजेचा संधिवात ५.८ टक्के, ऱ्हुमॅटॉइड ०.५ टक्के, गाऊट ०.१२ टक्के.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ४,००० प्रौढांच्या गावात हाच दर धरला तर २० माणसं होतात, ज्यांना वेळेत औषध मिळणं म्हणजे हात वाचणं. जतसारख्या तालुक्यात असे किती असतील? चिकनगुनियाचे रुग्ण सरकारी साथरोग यंत्रणेकडे कळवले जातात. हाताच्या संधिवाताला अशी यंत्रणा नाही, त्याचा आकडा निघाला तर रुग्णालयांच्या नोंदींतूनच निघेल. आणि आकडा नसेल तर ग्रामीण रुग्णालयात अँटी-सीसीपी तपासणी किंवा महिन्यातून एकदा संधिवाततज्ज्ञाची ओपीडी मागायची कशाच्या जोरावर?

डॉक्टरसमोर बसल्यावर

कोड पेशंटने सांगायचा नसतो. गुगल करून 'मला एम ०५ आहे' म्हणत जाऊ नका, डॉक्टर वैतागतील आणि बरोबरच वैतागतील. पण दोन-तीन गोष्टी लिहून मागण्याचा हक्क तुमचा आहे. कोणता हात आणि कोणते सांधे. कधीपासून. सकाळी हात किती वेळ आखडतो. घरून निघताना हे स्वतःच चिठ्ठीवर लिहून नेलं तर डॉक्टरचाही वेळ वाचतो. आधी ताप येऊन गेला असेल तर त्याची तारीख, आठवत नसेल तर सण किंवा छाटणी सांगा, डॉक्टर महिना काढतील. सुजलेल्या दिवशी मोबाईलवर दोन्ही हातांचा फोटो काढून ठेवा. सूज भेटीच्या दिवशी नेमकी उतरलेली असते.

आणि एक गोष्ट जिवावरची. आमवातात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी खूप वापरली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. आपल्याकडे बाकी सगळ्या गोळ्या 'रोज एक' असतात, त्यामुळे ही चूक सहज होते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढंही पुरत नाही, वार लिहून घ्यायचा.

मावशीचा दहावा कागद आता पिशवीत सगळ्यात वर आहे. त्यावर दोन्ही हात, बोटांच्या मुळाचे सांधे, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असं स्पष्ट लिहिलंय. उजव्या हाताच्या दोन बोटांचं एक्स-रेत दिसणारं नुकसान झालेलं आहे, तेही लिहिलंय. यंदा ती छाटणीला गेली नाही. गोळ्यांच्या डबीवर तिने माझ्याकडून मार्करने मोठ्या अक्षरात 'सोमवार' लिहून घेतलं. गोळी हातात देते ती सून, आणि सून अथणीकडची. तिने खाली कन्नड लिपीत पुन्हा लिहिलं. वाचताना दोन्हींचा उच्चार एकच होतो.